जहाज पुसलेला समुद्र

मराठी समीक्षेत ‘उदात्त’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की त्याच्या पोटातील अडचण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. उदात्त ध्येय, उदात्त चारित्र्य, उदात्त त्याग अशा प्रयोगांत तो नैतिक गौरवाचा वाचक असतो. त्याच्याही मागे जाऊन पाहिले तर वैदिक स्वरविचारात उदात्त म्हणजे उंच उच्चारलेला स्वर. अनुदात्त आणि स्वरित यांच्या पंगतीत बसणारा. तेथे गौरव नाही, भय तर नाहीच. आहे ती फक्त उंची. युरोपीय सौंदर्यविचारातील ‘सब्लाइम’साठी मराठीने हाच शब्द पत्करला, आणि रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यमीमांसेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्यापासून तरी ही संकल्पना मराठी अभ्यासकाला परकी उरलेली नाही. तथापि शब्द आपली जुनी ऊब सहजी सोडत नाहीत. ‘उदात्त चित्र’ असे म्हणताच थोर विचार सांगणारे, मन उन्नत करणारे चित्र डोळ्यांपुढे येते. अठराव्या शतकात युरोपात या शब्दाने जे सुचवले जाऊ लागले ते याच्या जवळजवळ उलट होते. ज्याच्यासमोर माणूस आधी आक्रसतो, ज्याला नजरेत सामावून घेता येत नाही आणि तरीही ज्याच्यावरून नजर काढवत नाही, ते उदात्त. या संकल्पनेतही नीतीचा प्रश्न आहे. परंतु तो थोरवीच्या बाजूने येत नाही. भयातून सुख मिळवण्यासाठी काय काय दृष्टिआड करावे लागते, अशा रूपात तो येतो.

या विचाराला निर्णायक वळण दिले ते एडमंड बर्कच्या १७५७ च्या प्रबंधाने. लाँजायनसच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक ग्रंथात उदात्तता हा मुख्यतः वाणीचा गुण होता. बर्कने ती वाणीतून उचलून शरीरात, मज्जातंतूंच्या ताणात आणून ठेवली. भय हे उदात्ताचे मूळ. अंधुकपणा, प्रचंड शक्ती, रितेपण, विस्तार, अनंतता ही त्याची साधने. मात्र एक अट: धोका अंगावर येता कामा नये. तो फार जवळ आला तर केवळ वेदना उरते. काही अंतरावरून आला तर त्यातूनच एक चमत्कारिक आनंद निपजतो. सगळी मेख या अटीत आहे. वादळ उदात्त असते ते किनाऱ्यावरून; बुडणाऱ्याने त्याला काय म्हणावे याविषयी सौंदर्यशास्त्र मौन पाळते. बर्क स्वतः या बाबतीत भाबडा नव्हता. उत्तमोत्तम शोकांतिका रंगात आली असताना शेजारच्या चौकात एखाद्या बड्या राजकीय गुन्हेगाराला देहान्त शासन होणार असल्याची बातमी आली तर नाट्यगृह क्षणात रिकामे होईल, असे त्याने सांगून ठेवले आहे. चित्रकलेविषयी त्याचे मत प्रतिकूल होते. चित्र वस्तू स्पष्ट करून दाखवते आणि स्पष्टता ही भयाची वैरीण. म्हणून अशा भयंकर कल्पना रंगवायला गेलेल्या चित्रकारांची फजिती होते, हे काम शब्दांनीच करावे, असे त्याला वाटे. पुढील दोन शतकांतील युरोपीय चित्रकलेचा एक मोठा भाग बर्कच्या या आक्षेपाला उत्तर देण्यात गुंतलेला दिसतो.

ही शब्दावली किती दूरवर गेली याचा एक दाखला जाता जाता नोंदवण्यासारखा आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात मुंबई-पुण्यात वावरत होता. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये चोवीस दृश्यांचा संच प्रसिद्ध केला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानेही वेरूळची लेणी रेखाटली आहेत. डोंगर तोच, कोरीव काम तेच. पण बर्क वाचलेल्या इंग्रज ग्राहकाला त्या अंधाऱ्या विस्तारात जी सुखद धास्ती वाटावी ती लेण्याच्या अंगची नव्हती. ती त्याने बरोबर आणलेली होती.

कांटने १७९० मध्ये नेमकी हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली. उदात्तता वस्तूत नसते, पाहणाऱ्याच्या मनात असते. पिरॅमिड किंवा रोममधील सेंट पीटर यांच्यासारख्या प्रचंड वस्तूसमोर कल्पनाशक्ती तुकड्यातुकड्याने पाहत जाते आणि तिला एकाच दृष्टिक्षेपात पूर्ण आकार बांधता येत नाही. हे गणिती उदात्त. वादळ, ज्वालामुखी, खवळलेला सागर यांच्यासमोर शरीराचे दुबळेपण जाणवते. हे गत्यात्मक उदात्त. दोन्ही ठिकाणी कल्पनाशक्तीचा पराभव होतो आणि त्या पराभवातूनच इंद्रियांपलीकडे जाणाऱ्या प्रज्ञेची जाणीव होते. हरणारी कल्पनाशक्ती आणि जिंकणारी प्रज्ञा एकाच माणसाची असल्यामुळे तो अखेर स्वतःच्या विजयाचा आनंद घेत असतो. कांटची ही मांडणी भव्य आहे. ती थोडी सोयीची आहे, हेही म्हणायला हवे.

या विवेचनात एके ठिकाणी कांट समुद्राकडे वळतो. समुद्र उदात्त वाटायचा असेल तर त्याच्याविषयीचे ज्ञान बाजूला ठेवले पाहिजे, असे तो म्हणतो. जलचरांचे विशाल राज्य, ढगांना पाणी पुरवणारा साठा, खंडांना वेगळे करणारा आणि तरीही त्यांच्यातला व्यापार शक्य करणारा मार्ग, या सगळ्या हेतुगर्भ कल्पना सोडून द्याव्यात आणि कवी पाहतात तसा, डोळ्याला दिसेल तेवढाच समुद्र पाहावा. पॉल द मानने या परिच्छेदावर बोट ठेवले होते. त्याचे स्वारस्य अर्थाविना नुसत्या पाहणाऱ्या डोळ्याच्या जडत्वात होते. तेथे त्याने जे शोधले ते येथे शोधायचे नाही. कांटच्या यादीतला शेवटचा शब्द व्यापार आहे, एवढेच लक्षात ठेवले म्हणजे पुरे. १७९० साली खंडाखंडांतील व्यापाराचा एक फार मोठा भाग माणसांचा व्यापार होता. उदात्त समुद्र पाहण्यासाठी त्यावरची जहाजे मनातून पुसावी लागतात, असा कांटच्या म्हणण्याचा सरळ अर्थ निघतो. आणि वीस वर्षांच्या आत एका चित्रकाराने ती खरोखरच पुसली.

कास्पार डाविड फ्रीड्रिखचे ‘समुद्रकाठचा मठवासी’ हे तैलचित्र १८०८ ते १८१० या काळातले. ते आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. उंची ११० सेंटिमीटर, रुंदी पावणेदोन मीटरांच्या आतबाहेर, म्हणजे आकाराने ते प्रचंड नाही. खाली फिकट वाळूची एक निमुळती पट्टी, तिच्यामागे काळपट समुद्राची अरुंद कड, आणि उरलेला सगळा पडदा आकाशाने भरलेला. वाळूवर एक मठवासी उभा आहे, इतका लहान की आधी तो दिसतच नाही. चित्राला बाजू नाही: दोन्ही कडांशी झाड, खडक, भिंत असे काही ठेवून दृश्याला चौकट देण्याची युरोपीय निसर्गचित्राची जुनी पद्धत येथे मोडून काढलेली आहे. नजर आत नेणारी वाट नाही, विसावण्यासाठी मधली भूमी नाही. १८१० च्या शरद ऋतूत बर्लिनच्या कला अकादमीत हे चित्र मांडले गेले तेव्हा क्लेमेन्स ब्रेंटानो आणि आखिम फॉन आर्निम यांनी त्यावर एक लेख लिहिला; हाइनरिख फॉन क्लाइस्टने तो आपल्या दैनिकात छापताना असा काही बदलला की मूळ लेखकांची नाराजी ओढवली. त्या बदललेल्या लेखातली एक कल्पना अजून पुसली गेलेली नाही. चित्राला चौकटीखेरीज पुढची भूमीच नसल्यामुळे ते पाहताना पाहणाऱ्याच्या पापण्या कापून टाकल्यासारखे वाटते, असे क्लाइस्टने म्हटले. पापण्या नाहीत म्हणजे डोळे मिटण्याची सोय नाही. बर्कने मागितलेले सुरक्षित अंतर या चित्राने काढून घेतले आहे, याची इतकी शारीरिक कबुली दुसऱ्या कोणत्याही समीक्षकाने दिली नसेल.

अवरक्त किरणांच्या तपासणीत या चित्राच्या पोटात दोन शिडाची जहाजे सापडली. फ्रीड्रिखने ती आधी योजली होती आणि नंतर झाकून टाकली. २०१३ ते २०१६ या काळात चित्राची सफाई व दुरुस्ती झाली तेव्हा आकाशाचा मूळ निळसर गारवा पुन्हा दिसू लागला. जहाजे मात्र साध्या डोळ्याला दिसत नाहीत, आणि तेच योग्य आहे. ती राहिली असती तर हे चित्र किनाऱ्यावरून जहाजांची वाट पाहणाऱ्या माणसाचे झाले असते. त्याला कथा आली असती, अंतराचे माप आले असते. जहाज हे समुद्रावरचे माप आहे: ते केवढे दिसते यावरून क्षितिज किती दूर ते कळते. माप गेले आणि समुद्र मोजण्यापलीकडचा झाला. या काळात नेपोलियनच्या १८०६ च्या बर्लिन हुकुमाने ब्रिटिश मालाला युरोपचे किनारे बंद झालेले होते; फ्रीड्रिखचे जन्मगाव ग्राइफ्सवाल्ड ज्या स्वीडिश पोमेरेनियात होते तो प्रदेश १८०७ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यात गेला होता. रिकामा समुद्र तेव्हा वर्तमानपत्री वास्तवही होता. पण या वास्तवावरून चित्राचा उलगडा करू जाणे म्हणजे पुसलेली जहाजे दुसऱ्या वाटेने परत आणणे होय. फ्रीड्रिख श्रद्धावान प्रॉटेस्टंट होता. वस्तू काढून घेत गेल्याने जे उरते त्यात ईश्वराला जागा होते, अशी त्या पुसण्यामागची भावना असावी. ती खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र एकदा रिकामी केलेली जागा कोण भरील यावर चित्रकाराची सत्ता चालत नाही.

टर्नरने जहाज परत आणले. १८४० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलेल्या त्याच्या चित्राचे लांबलचक नावच सगळे सांगते: वादळ चालून येत असताना मेलेल्या आणि मरू घातलेल्या गुलामांना समुद्रात फेकणारे गुलामवाहू जहाज. त्यामागे १७८१ च्या ‘झाँग’ या जहाजाची हकिकत असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंतपणी समुद्रात लोटण्यात आले आणि नंतर मालकांनी विम्याची भरपाई मागितली. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला चालला तो खुनाचा नव्हता, विम्याच्या रकमेचा होता. टर्नरचे चित्र आधी दिसते ते रंग म्हणून. मध्यभागी पांढऱ्या-पिवळ्या प्रकाशाचा एक उभा झोत समुद्र दुभागतो; भोवती लाल, नारिंगी, जांभळे आकाश; डावीकडे, काहीसे मागे, लाटांत झुंजणारे जहाज. इतके पाहून झाल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर आलेला एक पाय दिसतो, त्याला बेडी आहे. भोवती मासे, वर घिरट्या घालणारे पक्षी. जरा अलीकडे पलीकडे हात दिसतात, साखळ्या दिसतात. साखळीचे लोखंड पाण्यावर तरंगणार नाही, हा आक्षेप चित्रावर घेतला जातो. तो खराच आहे, पण त्याने काही साधत नाही.

या चित्राने निर्माण केलेला पेच प्रथम थॅकरेने उघडपणे मांडला. हे उदात्त आहे की हास्यास्पद आहे ते आपल्याला कळत नाही, असे त्याने त्याच वर्षी लिहिले. थट्टेच्या सुरात का होईना, तो प्रामाणिक होता. रस्किनचे तसे नाही. १८४३ मध्ये ‘मॉडर्न पेंटर्स’च्या पहिल्या खंडात त्याने या चित्राचे जे वर्णन केले ते इंग्रजी गद्याच्या शिखरांपैकी एक मानले जाते. टर्नरचे अमरत्व एकाच चित्रावर सोपवायचे असेल तर ते याच चित्रावर, असा त्याचा निर्वाळा. लाटांची उंची, प्रकाशाचा दाह, पाण्याच्या पोटातल्या सावल्या, अपराधी जहाज, सगळे त्यात आहे. पण ते जहाज नेमके काय करत आहे हे वाचकाला कळते ते तळटीपेत. पॉल गिलरॉयने १९९३ मध्ये ‘द ब्लॅक अटलांटिक’ या ग्रंथात या तळटिपेकडे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून रस्किनवर टीका करणे सोपे झाले आहे. त्या टीकेत एक घाई असते. रस्किनला माणसे बुडताना दिसली नाहीत असे नव्हे. त्याच्याजवळ जे सौंदर्यशास्त्र होते त्यात त्या माणसांना बसवायला जागा नव्हती; मजकुरात त्यांना घेतले असते तर लाटांविषयीचे ते वाक्य पूर्णच झाले नसते. तळटीप हीच त्याची पापणी होती. वडिलांनी १८४४ च्या नववर्षाला हे चित्र त्याला भेट दिले. काही वर्षांनी ते घरात बाळगणे त्याला असह्य झाले आणि १८७२ मध्ये ते अमेरिकेला गेले. आज ते बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. ज्याने चित्रातील उदात्ततेचे सर्वांत समर्थ वर्णन केले त्यालाच ते भिंतीवर ठेवणे जड गेले, या वस्तुस्थितीत गिलरॉयच्या टीकेपेक्षा अधिक काही आहे.

टर्नरलाही निरपराध ठरवण्याची गरज नाही. १८०५ मध्ये त्याने जमैकातील एका गुरांच्या मळ्यात १०० पौंड गुंतवले होते, आणि तो मळा गुलामांच्या श्रमावर चालणार होता. पस्तीस वर्षांनंतरचे चित्र हे त्याचे प्रायश्चित्त होते की नाही, हे ठरवायला पुरावा लागतो. चित्राविषयी एवढे म्हणता येते की त्यात पाहणाऱ्याला उभे राहायला किनारा नाही. पाहणारा पाण्यातच आहे, त्या पायापासून हाताच्या अंतरावर; आणि जहाज, म्हणजे वाचण्याचे साधन, दूर निघून चालले आहे. बर्कची भूगोलरचना येथे उलटी झाली आहे. तरीही सूर्यास्त सुंदर दिसतो. हे चित्राचे यश आहे की अपयश, याचा निकाल दीडशेहून अधिक वर्षे लागलेला नाही. आणि तो न लागणे हेच त्या चित्राचे खरे सामर्थ्य म्हणावे लागेल. केवळ निषेध करायचा असता तर टर्नरला इतक्या चांगल्या आकाशाची गरज नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्याला उदात्ताचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा तो अमेरिकेतून उभा राहिला. बार्नेट न्यूमनने १९४८ च्या एका छोट्या निबंधात युरोपवर असा आरोप ठेवला की सौंदर्याच्या मोहातून न सुटल्यामुळे त्याच्या कलेला उदात्त कधी गाठताच आले नाही. हा आरोप निबंधाला शोभेल इतका ठळक आणि इतिहासाला न पेलणारा आहे. पेट्रोग्राडमध्ये १९१५ च्या डिसेंबरात मालेविचने आपला काळा चौकोन खोलीच्या कोपऱ्यात, छताखाली, रशियन घरात प्रतिमा पुजतात त्या जागी टांगला होता. त्यात सौंदर्याचा मोह शोधायचा म्हटले तरी सापडणे कठीण. रॉबर्ट रोझेनब्लमने १९६१ मध्ये आणि पुढे १९७५ च्या ग्रंथात फ्रीड्रिखच्या मठवाशापासून रॉथ्कोच्या रंगपट्ट्यांपर्यंत एक उत्तरेकडची परंपरा जोडून दाखवली. त्याच्या मांडणीत मठवाशाची जागा आता प्रेक्षकाने घेतलेली असते. हे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र मठवाशाला थंडी वाजत होती. संग्रहालयातील प्रेक्षकाला वाजत नाही.

ल्योतारने १९८० च्या दशकात उदात्ताला आधुनिक कलेचे केंद्रच बनवले. जे सादर करता येत नाही त्याच्या अस्तित्वाची खूण सादर करणे, हे आव्हां-गार्दचे कार्य, असे त्याचे सूत्र. कांटच्या प्रज्ञेचा विजय त्याने गाळला आणि कल्पनाशक्तीचा पराभव तेवढा ठेवला. सुखद निष्कर्षाशिवायचा उदात्त त्याला हवा होता. या धैर्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण सूत्र हातात आले की ते कशालाही लावता येते. पुढील काळातील समीक्षेत ‘असादरीकरणीय’ हा शब्द इतक्या मुक्तपणे वावरू लागला की जे सहज दाखवता आले असते, ज्याची छायाचित्रे आणि कागदपत्रे उपलब्ध होती, त्यालाही तो लावला जाऊ लागला. झाँगच्या मालकांना ती माणसे कागदावर मांडण्यात अडचण आली नव्हती; त्यांनी ती हिशेबात मांडली होती.

रिकाम्या जागेचे पुढे काय होते याचे उत्तर जर्मनीने दिले. न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यांत १९३४ पासून आल्बर्ट श्पेअरने शंभराहून अधिक विमानवेधी सर्चलाइट आकाशात सरळ रोखून प्रकाशाचे जे मंदिर उभारले त्यात बर्कची सगळी साधने हजर होती: अंधार, विस्तार, शक्ती, पुनरावृत्ती. लहान झालेला माणूसही होता. फक्त आता तो एकटा नव्हता, लाखांत होता. याच राजवटीने फ्रीड्रिखला जर्मन आत्म्याचा चित्रकार म्हणून डोक्यावर घेतले, आणि युद्धानंतर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली. १९७२ चे लंडनमधील आणि १९७४ चे हाम्बुर्गमधील प्रदर्शन होईपर्यंत त्याच्याकडे नितळ नजरेने पाहणे अवघड होते. आन्सेल्म कीफरने १९६९ मध्ये एक छायाचित्रमालिका केली. तीत तो निरनिराळ्या युरोपीय स्थळी नाझी सलाम करून उभा आहे. त्यातील एका छायाचित्रात तो समुद्राकडे तोंड करून, प्रेक्षकाकडे पाठ करून, हात उंचावून उभा आहे. रचना उघडच फ्रीड्रिखची आहे. १९७५ मध्ये ही मालिका एका नियतकालिकात छापली गेली तेव्हा गदारोळ झाला. अनेकांना तो उपहास वाटला नाही, उदात्तीकरण वाटले. येथे मराठी शब्दानेच एक मुद्दा पदरात टाकला आहे. ‘उदात्तीकरण’ हा शब्द मराठीत बहुधा आरोप म्हणूनच वापरला जातो: गुन्ह्याचे उदात्तीकरण, हिंसेचे उदात्तीकरण. ‘उदात्त’ आणि ‘उदात्तीकरण’ यांच्यात गौरव आणि संशय अशी जी फूट भाषेने पाडून ठेवली आहे, तीच कीफरच्या त्या छायाचित्रात दिसते.

गेरहार्ड रिश्टर हा ड्रेस्डेनचा. फ्रीड्रिखने आपले बहुतेक आयुष्य घालवले ते हेच शहर. १९६१ मध्ये तो पश्चिम जर्मनीत आला. १९६९-७० च्या सुमारास त्याने छायाचित्रांवरून समुद्राची चित्रे रंगवली, आणि वरवर पाहता ती फ्रीड्रिखच्या वंशातली वाटतात: खालचे क्षितिज, ओलसर प्रकाश, माणूस नाही, जहाज नाही. पण यांतील अनेक चित्रांतला समुद्र एका छायाचित्रातला आहे आणि आकाश दुसऱ्या. १९७० च्या एका चित्रात तर आकाश नाहीच. क्षितिजावर जे ढगाळ आकाश दिसते तो उलटा करून लावलेला समुद्र आहे. हे कळायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जुनी भावना आपले काम करून जाते. कळल्यानंतरही ती पूर्णपणे निघून जात नाही, ही या चित्राची खरी अडचण. रिश्टरला फ्रीड्रिखची थट्टा करायची असती तर त्याने इतक्या ममतेने रंगवले नसते.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये आउश्विट्झ-बिर्केनाउ छावणीतील झोंडरकोमांडोच्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चार छायाचित्रे काढून बाहेर पाठवली होती. २०१४ मध्ये रिश्टरने ती चार कॅनव्हासवर उतरवली, मग त्यांवर काळ्या, करड्या, लाल, हिरव्या रंगांचे थर ओढत नेले. अखेर छायाचित्रांतले काहीच दिसेनासे झाले. चित्रांना नाव दिले ‘बिर्केनाउ’. फ्रीड्रिखच्या जहाजांप्रमाणे येथेही खाली काही पुसलेले आहे. फरक असा की फ्रीड्रिखची जहाजे यंत्राने शोधावी लागली, आणि रिश्टर काय झाकले आहे ते नावातच सांगतो. छायाचित्रांच्या प्रतीही चित्रांसोबत मांडल्या जातात. तळटीप येथे शीर्षकाच्या जागी गेली आहे. हे ल्योतारच्या सूत्राचे उदाहरण म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ती छायाचित्रे अस्तित्वात आहेत, त्यांत काय आहे ते दिसते, आणि काढणाऱ्यांना ते दिसावे असेच वाटत होते. रिश्टरने त्यांच्यावर रंग चढवावा की नाही याविषयी मतभेद संभवतो. विषय सादर करता येत नव्हता म्हणून तो चढवला, असे मात्र म्हणता येत नाही.

भय वजा केलेला उदात्त कसा असतो याचाही नमुना याच काळात मिळतो. ओलाफुर एलियासनने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये एक कृत्रिम सूर्य टांगला. धुके, पिवळे दिवे आणि छतभर आरसा. वीस लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. पुष्कळसे लोक जमिनीवर उताणे पडून छतात स्वतःचे प्रतिबिंब शोधत असत. कृती रम्य होती. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

२०१९ च्या व्हेनिस बिनालेत, आर्सेनालेच्या धक्क्यावर, क्रिस्टोफ ब्यूखेल या स्विस कलावंताने एक मासेमारी बोट आणून उभी केली. १८ एप्रिल २०१५ रोजी लिबिया आणि लांपेदुझा यांच्या दरम्यान ही बोट बुडाली होती. तिच्यात किती माणसे होती याचे अंदाज सातशेपासून अकराशेपर्यंत जातात. वाचली ती अठ्ठावीस. २०१६ मध्ये इटालियन नौदलाने ती समुद्रतळावरून वर काढली, आणि प्रेते बाहेर काढता यावीत म्हणून तिच्या कुशीला मोठी चौकोनी भगदाडे पाडण्यात आली. व्हेनिसमध्ये बोटीजवळ माहितीचा फलक नव्हता. शेजारी उपाहारगृह होते. लोक तेथे कॉफी पीत, बोटीपुढे उभे राहून छायाचित्रे काढत. कलावंताने काहीही स्पष्ट करण्याचे नाकारले. समीक्षकांनी या मौनावर कडाडून टीका केली, आणि ती समजण्यासारखी आहे. रस्किनने निदान तळटीप दिली होती.

तरी त्या धक्क्यावर काय काय होते आणि काय नव्हते हे पाहण्यासारखे आहे. अंतर होते; पाहणारे सुरक्षित होते; मृत्यू होता आणि तो प्रचंड संख्येत होता. बर्कच्या हिशेबाने सर्व साहित्य जमलेले होते. पण त्या गंजलेल्या, निळ्या-तांबड्या रंगाच्या सांगाड्याला उदात्त म्हणणे जड जाते. त्याला माप होते. एवढ्याशा बोटीत इतकी माणसे कशी मावली असतील, हा हिशेब तिच्यापुढे उभा राहणारा मनातल्या मनात करू लागतो, आणि कल्पनाशक्ती जिथे हरते तिथे प्रज्ञेचा विजय वगैरे काही होत नाही. हिशेब फक्त पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. भगदाडांतून पलीकडचे पाणी दिसत होते, ते व्हेनिसच्या खाजणाचे, उथळ आणि शांत. २०२१ मध्ये बोट सिसिलीतील आउगुस्ता बंदरात परत नेण्यात आली.